मार्ग उघडा, युद्ध मोठे : होर्मुझजवळच्या टँकर युद्धाचा प्रकरण अभ्यास (१९८४–८८)

आखातात तणाव वाढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : होर्मुझची सामुद्रधुनी बंद पडली तर? नकाशावरचा तो अरुंद गळा दाखवला जातो, तेलाचे आकडे सांगितले जातात आणि चर्चा तिथेच संपते. प्रश्न चुकीचा नाही. पण तेवढ्यावरच थांबलो तर तेलमार्गालगतच्या युद्धाचा जास्त संभवणारा धोका नजरेतून निसटतो. मार्ग एक दिवसही बंद न होता युद्ध पसरू शकते. त्या भांडणाशी काडीचा संबंध नसलेली माणसे मरू शकतात आणि केवळ राखणीसाठी आलेले आरमार लढाईतला पक्ष होऊन बसू शकते.

हे सारे एकदा घडून गेले आहे. इराण आणि इराक यांच्यातले युद्ध २२ सप्टेंबर १९८० रोजी सुरू झाले आणि २० ऑगस्ट १९८८ रोजी थांबले. त्यातला समुद्रावरचा भाग ‘टँकर युद्ध’ म्हणून ओळखला जातो. त्याचा खरा जोर १९८४ पासून होता. त्या संपूर्ण काळात होर्मुझमधून तेल जात राहिले. म्हणूनच हे प्रकरण बारकाईने पाहायला हवे.

भूगोलाने केलेली वाटणी

होर्मुझची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे. उत्तरेला इराण, दक्षिणेला ओमानचे मुसंदम हे टोक. मोठ्या जहाजांसाठी आत जायची एक आणि बाहेर यायची एक अशा दोन वाटा आखलेल्या आहेत. प्रत्येकीची रुंदी दोन सागरी मैल, मध्ये तेवढीच मोकळी पट्टी. पण या प्रकरणात बहुतेक हल्ले या गळ्यात झालेच नाहीत. ते झाले आत, आखाताच्या उथळ पाण्यात, बेटांच्या आजूबाजूला आणि बंदरांच्या तोंडाशी. नकाशातल्या त्या एका बिंदूवर नजर खिळवून बसणाऱ्यांनी ही पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आखाताचा सगळा उत्तर किनारा इराणचा आहे, तर इराकच्या वाट्याला जेमतेम ५८ किलोमीटर किनारा आला आहे. युद्धाच्या सुरुवातीलाच बसराजवळची इराकची तेल चढवण्याची समुद्रातली ठाणी उद्ध्वस्त झाली आणि शत्त अल-अरब या दोन देशांच्या सीमेवरच्या नदीतली वाहतूक थांबली. एप्रिल १९८२ मध्ये सीरियाने इराणची बाजू घेत आपल्या भूमीतून भूमध्य समुद्राकडे जाणारी इराकची पाइपलाइन बंद केली. युद्धापूर्वी दिवसाला सुमारे ३० लाख बॅरल तेल विकणारा इराक आता तुर्कस्तानातून जाणाऱ्या एकाच नळावर आला. निर्यात सहा-सात लाख बॅरलपर्यंत घसरली.

म्हणजे १९८४ पर्यंत चित्र असे होते : इराकचे तेल आखातातून जातच नव्हते आणि इराणचे तेल दुसरीकडून कुठून जाऊच शकत नव्हते. इराणची जवळपास सगळी निर्यात खार्ग या एका बेटावरून होई. एकाला समुद्रात गमावण्यासारखे काही उरले नव्हते, तर दुसऱ्याचे सर्वस्व समुद्रावर होते. पुढच्या चार वर्षांत जे झाले त्याचे मूळ या विषमतेत आहे. होर्मुझ बंद करण्याची धमकी इराणने १९८३ मध्ये दिली होती. पण ती अमलात आणली असती तर पहिला गळफास इराणच्याच मानेला बसला असता.

नाक दाबले की

जमिनीवरची लढाई इराकच्या हातून निसटत चालली होती. इराणने १९८२ मध्ये खुर्रमशहर परत घेतले आणि युद्ध इराकच्या हद्दीत नेले. इराणकडे माणसे जास्त होती आणि थांबायची तयारी नव्हती. नाक दाबले की तोंड उघडते, या हिशेबाने बगदादने इराणच्या तेलाचे नाक दाबायचे ठरवले. त्यासाठी १९८३ मध्ये फ्रान्सकडून पाच ‘सुपर एतांदार’ विमाने भाड्याने घेतली आणि १९८४ पासून खार्गकडे जाणाऱ्या टँकरांवर ‘एक्सोसेट’ क्षेपणास्त्रे सुटू लागली.

यामागे दोन हेतू होते. उघड हेतू इराणची कमाई तोडण्याचा. दुसरा न बोललेला : तेलमार्ग इतका अस्थिर करायचा की बाहेरच्या जगाला मध्ये पडून युद्ध थांबवावेच लागेल. दुबळ्या पडलेल्या बाजूला भांडण गल्लीभर नेण्यातच फायदा असतो. इराकने पुढे जे जे केले ते या दुसऱ्या हेतूच्या उजेडात पाहिले तर नीट उलगडते.

इराणपुढे पेच होता. प्रत्युत्तर द्यायचे तर कोणाला? आखातात इराकी टँकर नव्हतेच. मग इराणने इराकला पैसे आणि बंदरे पुरवणाऱ्या शेजाऱ्यांकडे मोर्चा वळवला. १३ मे १९८४ रोजी कुवेतचे ‘उम्म कस्बा’ आणि तीन दिवसांनी सौदी अरेबियाचे ‘यांबू प्राइड’ ही तेलवाहू जहाजे हल्ल्यात सापडली. ५ जून रोजी सौदी विमानांनी इराणचे एक लढाऊ विमान पाडले. दोघांचे युद्ध तीन आठवड्यांत पाच-सहा देशांच्या दारात येऊन उभे राहिले.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १ जून १९८४ रोजी ठराव क्रमांक ५५२ मंजूर केला. त्यात कुवेत आणि सौदी बंदरांकडे जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांवरील हल्ल्यांचा निषेध होता. इराणी बंदरांकडे जाणाऱ्या जहाजांवर इराक करत असलेल्या हल्ल्यांबद्दल मात्र त्यात काही नव्हते. तेहरानने यातून जो अर्थ घ्यायचा तो घेतला. माझ्या मते ही या प्रकरणातली सुरुवातीची आणि फार महाग पडलेली चूक होती. ज्याने समुद्रावर हात उचलायला सुरुवात केली त्याला सोडून, उलटून मारणाऱ्याला दोषी ठरवले की पंच निःपक्षपाती उरत नाही. मग त्याची शिट्टी कोणी ऐकत नाही. पुढची तीन वर्षे तसेच झाले.

तेल जात कसे राहिले

हल्ले वर्षानुवर्षे चालले, तरी जहाजे यायची थांबली नाहीत. कारण गणितात आहे. ते समजून घेतल्याशिवाय अशा कोणत्याही संकटाचा अंदाज बांधता येणार नाही.

जहाज धोक्याच्या पाण्यात शिरले की नेहमीच्या विम्यावर युद्ध-जोखमीचा वेगळा हप्ता भरावा लागतो. तो जहाजाच्या किमतीच्या टक्क्यांत आकारला जातो आणि परिस्थितीनुसार काही दिवसांतच बदलतो. उदाहरणादाखल हिशेब मांडू. जहाजाची किंमत १ कोटी डॉलर धरू आणि हप्ता ५ टक्के. म्हणजे एका फेरीला ५ लाख डॉलर. ऐकायला भयंकर रक्कम. पण मोठ्या टँकरमध्ये २० लाख बॅरल तेल मावते. वाटून पाहिले तर बॅरलमागे २५ सेंट. विकणाऱ्याने बॅरलमागे एक डॉलर सूट दिली की विमा भागतो आणि वर नफा उरतो. इराणने नेमके हेच केले. ग्राहकांना सवलत दिली, विम्याचा भार स्वतःच्या दरात उतरवला.

जहाजांची किंमत मी मुद्दाम कमी धरली आहे. १९७० च्या दशकात बांधलेल्या अजस्र टँकरांना तेलाची मागणी घसरल्यामुळे १९८० च्या दशकात कामच उरले नव्हते. कित्येक नुसते नांगरून पडले होते. मालकाच्या दृष्टीने भंगारात जाणारे जहाज आखातात पाठवले आणि बुडाले तरी विमा हाती येत होता.

इराणने आणखी एक शक्कल काढली. परदेशी टँकरांनी खार्गपर्यंत यायचेच नाही. इराणने भाड्याने घेतलेली जहाजे खार्गहून तेल भरून दक्षिणेला सिर्री बेटापर्यंत आणत आणि तिथे ते परदेशी टँकरमध्ये चढवले जाई. धोक्याची फेरी इराणने स्वतःच्या अंगावर घेतली. ऑगस्ट १९८६ मध्ये इराकी विमाने सिर्रीपर्यंत पोहोचली, तेव्हा ही अदलाबदल होर्मुझजवळच्या लाराक बेटावर नेली गेली. नोव्हेंबरमध्ये इराकने तेही गाठले. तरी तेल वाहतच राहिले.

टँकर स्वतःही चिवट निघाले. कच्चे तेल पेट्रोलसारखे भडकत नाही. भरलेल्या टाकीत स्फोटाला लागणारी हवाच नसते आणि जहाज अनेक कप्प्यांत विभागलेले असते. एक्सोसेटचा दारूगोळा साधारण १६५ किलोचा. लहान युद्धनौकेचा त्याने निकाल लागतो, अडीच-तीन लाख टनांच्या टँकरला मात्र भोक पडते, आग लागते आणि बहुतेक वेळा तो ओढत बंदरात नेता येतो.

जे टिकले नाहीत

जहाजे टिकली, तेल टिकले. मग मेले कोण?

टँकरचा पुढचा तीन-चतुर्थांश भाग म्हणजे तेलाच्या टाक्या. माणसे राहतात ती मागच्या उंच इमारतीत. तिथेच सुकाणूघर, स्वयंपाकघर, खोल्या आणि खाली इंजिन. पुढे इराणी क्रांतिरक्षकांच्या वेगवान होड्या मैदानात उतरल्या. त्यांच्याकडे रॉकेट आणि मशिनगन एवढीच शस्त्रे. टाक्यांवर मारून उपयोग नाही हे कळल्यावर ते माणसांच्या वस्तीवरच नेम धरू लागले. या युद्धात सुमारे साडेपाचशे व्यापारी जहाजांचे नुकसान झाले आणि चारशेहून अधिक खलाशी मृत्युमुखी पडले. त्यांत फिलिपिन्स, भारत, पाकिस्तान अशा देशांतली माणसे होती. हल्ल्यांची एकूण संख्या पाहिली तर इराकचे हल्ले इराणपेक्षा जास्त होते, हेही नोंदवले पाहिजे.

या माणसांच्या मागे कोणता देश होता? जहाजाच्या शेपटीवर झेंडा लायबेरियाचा किंवा पनामाचा, मालक ग्रीस किंवा नॉर्वेतला, माल जपानचा, खलाशी आशियातले. कर आणि नियम वाचवण्यासाठी झेंडा भाड्याने घेण्याची ही रीत शांततेत सगळ्यांच्या सोयीची असते. पण समुद्रात संरक्षण मागायचा हक्क झेंड्यावरून ठरतो, आणि लायबेरियाकडे आखातात पाठवायला नौदल नव्हते. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात. इथे ओलेच जास्त जळले, कारण त्याला वाचवणे कोणाच्याच कर्तव्यात बसत नव्हते. तेलाच्या धोक्यावर लिहिताना बॅरल आणि डॉलर मोजले जातात. मला वाटते, पहिला रकाना या माणसांचा असायला हवा.

कुवेतने दोन दारे ठोठावली

कुवेत हा इराकचा सावकार. इराकसाठीचा माल त्याच्या बंदरांतून जात होता. साहजिकच १९८६ पासून इराणचा रोख कुवेती जहाजांवर वाढला. कुवेतने मोठ्या चतुराईने १९८६ च्या अखेरीस अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांकडेही संरक्षण मागितले.

वॉशिंग्टन सुरुवातीला चाचपडत होते. मग सोव्हिएत संघाने कुवेतला तीन टँकर भाड्याने द्यायची तयारी दाखवली आणि अमेरिकेचा निर्णय झाला. त्याच सुमारास, नोव्हेंबर १९८६ मध्ये, अमेरिकेने इराणला गुपचूप शस्त्रे विकल्याचे उघडकीस आले होते. अरब मित्रांपुढे गेलेली पत सावरायची होती. मार्च १९८७ मध्ये अमेरिकेने कुवेतच्या २२ पैकी ११ टँकरांवर आपला झेंडा लावायचे मान्य केले. अमेरिकी झेंडा लागला की अमेरिकी आरमाराचे संरक्षण आपोआप मिळते.

निर्णयाची कारणे पाहा. त्यांत तेल होते, पण सोव्हिएत जहाजे आखातात नकोत ही ईर्ष्या होती आणि डागाळलेली प्रतिष्ठा धुऊन काढायची घाईही होती. तेलमार्गाच्या राखणीचे निर्णय फक्त तेलावरून होत नाहीत. त्यामुळे ‘आमचे तेल तिथून फारसे येत नाही, आम्ही कशाला पडू’ असे म्हणणारी सत्ताही उद्या आत असू शकते.

झेंडे बदलण्याआधीच दोन इशारे मिळाले. मे १९८७ मध्ये कुवेतने भाड्याने घेतलेला सोव्हिएत टँकर ‘मार्शल चुइकोव’ पाणसुरुंगावर आदळला. १७ मे रोजी ‘यूएसएस स्टार्क’ या अमेरिकी युद्धनौकेवर दोन एक्सोसेट येऊन आदळले आणि ३७ नौसैनिक ठार झाले. क्षेपणास्त्रे इराकच्या विमानाची होती. इराकने चूक झाल्याचे सांगून माफी मागितली, ती स्वीकारली गेली आणि दोष इराणवर टाकला गेला : तो युद्ध थांबवत नाही म्हणून हे घडले. या क्षणाला अमेरिकेची बाजू ठरून गेली. कागदावर मात्र ती तटस्थच होती.

२४ जुलै १९८७

पहिला संरक्षित ताफा आत निघाला. सर्वांत पुढे ‘ब्रिजटन’, पूर्वीचे कुवेती ‘अल रेक्का’, चार लाख टनांचे अवाढव्य जहाज. सोबत अमेरिकी युद्धनौका. होर्मुझ विनासायास पार झाली. पुढे, २४ जुलैला, फारसी बेटाच्या परिसरात ‘ब्रिजटन’ पाणसुरुंगावर आदळले.

जहाजाला मोठे भोक पडले, पण ते बुडाले नाही, चालत राहिले. खरी पंचाईत युद्धनौकांची झाली. सुरुंगाचा एक धक्का त्यांना सोसणार नव्हता. उरलेल्या प्रवासात त्या टँकरच्या मागे रांगेने आल्या. ज्याचे रक्षण करायचे तोच पुढे राहून सुरुंग झेलायला ढाल झाला.

जगातल्या सर्वांत बलाढ्य आरमाराकडे त्या दिवशी आखातात सुरुंग काढणारे एकही जहाज नव्हते. क्षेपणास्त्रे, विमाने, रडार या सगळ्याची तयारी होती. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या रशियन आराखड्यावर बेतलेला, साखळीला बांधून पाण्यात सोडायचा लोखंडी गोळा कोणी हिशेबात धरला नव्हता. नंतर हेलिकॉप्टरे आणि लाकडी सुरुंगशोधक जहाजे आणावी लागली. ब्रिटन, फ्रान्स, इटली, नेदरलँड्स आणि बेल्जियम यांनीही आपापली जहाजे पाठवली. ऑगस्टमध्ये सुरुंग होर्मुझच्या बाहेर, फुजैराजवळच्या पाण्यात सापडले. म्हणजे गळ्याच्या अलीकडे थांबून राहणारी जहाजेही सुरक्षित नव्हती.

सुरुंगाचा आणखी एक गुण आहे, आणि तो राजकीय आहे. त्यावर सही नसते. क्षेपणास्त्र कुठून सुटले हे रडार सांगते, सुरुंग कोणी सोडला याबद्दल कानांवर हात ठेवता येतात. ‘इराण अज्र’ हे जहाज २१ सप्टेंबर १९८७ रोजी सुरुंग पेरताना पकडले गेले तेव्हा हा पडदा दूर झाला.

राखणदार लढू लागला

यानंतरच्या पायऱ्या एकेक करून पाहिल्या तर प्रत्येक पायरी समजण्याजोगी वाटते. एकत्र पाहिल्या की भीती वाटते.

१६ ऑक्टोबर १९८७ रोजी कुवेतच्या पाण्यात उभ्या असलेल्या, अमेरिकी झेंड्याच्या ‘सी आयल सिटी’ या टँकरवर ‘सिल्कवर्म’ क्षेपणास्त्र आदळले. तीन दिवसांनी अमेरिकेने इराणची रशादत येथील तेलफलाटे (समुद्रात तेल काढण्यासाठी उभारलेले चौथरे) नष्ट केली. १४ एप्रिल १९८८ रोजी ‘यूएसएस सॅम्युअल बी. रॉबर्ट्स’ सुरुंगावर गेली. कोणी दगावले नाही, पण नौकेचा कणा मोडला आणि दुरुस्तीला जवळपास नऊ कोटी डॉलर लागले. सुरुंगाची किंमत हजार-दोन हजार डॉलर. चारच दिवसांनी, १८ एप्रिलला, अमेरिकेने सस्सान आणि सिर्री ही फलाटे उडवली, इराणची ‘सहंद’ आणि ‘जोशन’ ही जहाजे बुडवली आणि ‘सबलान’ निकामी केली. अमेरिकी नौदलाने दुसऱ्या महायुद्धानंतर समुद्रावर लढलेली ही सर्वांत मोठी चकमक होती. त्याच दोन दिवसांत जमिनीवर इराकने फाव हे इराणच्या ताब्यातले आपले द्वीपकल्प परत घेतले. तेहरानला हा योगायोग वाटला नसेल, तर नवल नाही.

एप्रिलच्या अखेरीस अमेरिकेने संरक्षणाचा परीघ वाढवला. आता फक्त आपल्या झेंड्याच्या नव्हे, तर मदत मागणाऱ्या कोणत्याही तटस्थ जहाजाच्या मदतीला जायचे. हेतू चांगला होता, आणि खलाशांच्या बाजूने पाहिले तर तो फार उशिरा आला. पण त्याने युद्धनौकांना इराणी होड्यांच्या आणखी जवळ नेले.

३ जुलै १९८८ रोजी सकाळी ‘यूएसएस विन्सेन्स’ अशाच होड्यांशी झुंजत इराणच्या सागरी हद्दीत शिरली होती. त्याच वेळी बंदर अब्बासहून दुबईला जाणारे इराण एअरचे ६५५ क्रमांकाचे प्रवासी विमान आकाशात चढत होते. नौकेवरच्या लोकांना ते चाल करून येणारे लढाऊ विमान वाटले. दोन क्षेपणास्त्रे सुटली. २९० माणसे गेली, त्यांत ६६ मुले. दहा भारतीयही होते. चढते विमान उतरते आहे असे वाचले गेले. सव्वा वर्ष आधी असा गोंधळ झाला असता तर कदाचित कोणी थांबून पुन्हा पाहिले असते. पण ‘स्टार्क’वरच्या ३७ जणांची आठवण, ‘रॉबर्ट्स’चा सुरुंग आणि एप्रिलची लढाई यांनी सर्वांचे हात आधीच चापावर नेऊन ठेवले होते. १९९६ मध्ये अमेरिकेने मृतांच्या कुटुंबांसाठी ६ कोटी १८ लाख डॉलर द्यायचे मान्य केले. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने फलाटांवरचे हल्ले स्वसंरक्षण म्हणून समर्थनीय ठरत नाहीत, असे म्हटले. मात्र दोन्ही देशांमधल्या कराराचा भंग झाला नाही असे सांगून इराणला भरपाई दिली नाही.

विमान पडल्यावर दोन आठवड्यांनी इराणने सुरक्षा परिषदेचा युद्धबंदीचा ठराव क्रमांक ५९८ स्वीकारला. विषाचा प्याला घेतो आहे, असे आयातुल्ला खोमेनी म्हणाले.

दुसरी वाट होती का

प्रकरण अभ्यासात हा प्रश्न टाळता येत नाही. मला एक वाट दिसते आणि ती का बंद झाली हेही दिसते.

२० जुलै १९८७ रोजी ५९८ मंजूर झाला तेव्हा समुद्रावर काही आठवडे शांतता होती. इराणची त्या शांततेला हरकत नव्हती. जमिनीवर युद्ध आणि समुद्रावर विराम, हे त्याच्या पथ्यावर पडणारे होते. इराकला तेच नको होते. समुद्र हीच त्याच्या हातातली एकमेव पकड. ऑगस्टच्या अखेरीस त्याने पुन्हा टँकर फोडायला सुरुवात केली आणि शांतता संपली. त्या क्षणी बगदादला हात धरून थांबवू शकतील असे देश होते : शस्त्रे देणारा फ्रान्स, शस्त्रे देणारा सोव्हिएत संघ, पैसे देणारे कुवेत आणि सौदी. कोणीच तो हात धरला नाही. इराण जिंकण्याची भीती प्रत्येकाला टँकर जळण्याच्या भीतीपेक्षा मोठी वाटत होती. सोव्हिएत संघाने त्या शरद ऋतूत संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली संयुक्त आरमार उभे करावे असे सुचवले. अमेरिकेला ते आखातात शिरायचे निमित्त वाटले. तो प्रस्ताव जागीच विरला. सर्व जहाजांना सारखे संरक्षण देणारा एक निःपक्ष ताफा १९८४ मध्येच उभा राहिला असता, तर इराकलाही तेवढीच जरब बसली असती. राखणदार एकाच बाजूच्या जहाजांची राखण करतो तेव्हा तो दुसऱ्या बाजूला शत्रू म्हणूनच दिसतो.

भाव का भडकला नाही, आणि पुढे काय बदलले

टँकर जळत असतानाच, १९८६ मध्ये, तेलाचा भाव कोसळून बॅरलमागे १० डॉलरच्या आसपास आला. १९८० च्या आरंभी तो ३५ डॉलरच्या वर होता. उत्तर समुद्र, मेक्सिको, अलास्का येथून नवे तेल आले होते. मागणी घटली होती. सौदी अरेबियाने उत्पादन दिवसाला १ कोटी बॅरलवरून १९८५ मध्ये २५ लाखांच्याही खाली आणून पाहिले आणि शेवटी कंटाळून नळ सोडला. बाजारात इतके सुटे तेल असताना आखातातल्या आगीची झळ पेट्रोल पंपापर्यंत पोहोचलीच नाही. यावरून ‘युद्धाने भाव वाढत नाही’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. गादी जाड होती म्हणून पडल्यावर लागले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पुढच्या काळात पर्यायी नळ वाढले. सौदीची अब्कैकपासून लाल समुद्रावरच्या यांबूपर्यंतची पाइपलाइन तेव्हाही होती, नंतर तिची क्षमता वाढली. अबू धाबीने २०१२ पासून हबशान ते फुजैरा ही दिवसाला सुमारे १५ लाख बॅरलची वाट उघडली. पण होर्मुझमधून जाणारे तेल २०२३–२४ मध्ये दिवसाला २ कोटी बॅरलच्या घरात होते, त्यामुळे या नळांनी सगळा भार उचलणे शक्य नव्हते. शिवाय कतारचा द्रवरूप नैसर्गिक वायू १९८० च्या दशकात नव्हताच. तो द्रवरूप वायूच्या जागतिक व्यापाराचा सुमारे पाचवा हिस्सा झाला, आणि त्याला पर्यायी नळ नाही. ग्राहकही बदलले. तिथून निघणाऱ्या तेलाचा मोठा भाग आता आशियाकडे, चीन, भारत, जपान, दक्षिण कोरियाकडे जातो. जून २०१९ पासून भारतीय नौदलाने ‘ऑपरेशन संकल्प’खाली आखातात जहाजांना सोबत द्यायला सुरुवात केली, ती यामुळेच. ‘ब्रिजटन’चा धडा आता वॉशिंग्टनइतकाच दिल्लीनेही वाचायचा आहे.

१४ सप्टेंबर २०१९ रोजी अब्कैकच्या प्रक्रिया प्रकल्पावर हल्ला झाला आणि दिवसाला ५७ लाख बॅरल उत्पादन एका रात्रीत थांबले. होर्मुझ तेव्हाही उघडी होती. २३ जून २०२५ रोजी इराणने कतारमधल्या अल उदेद या अमेरिकी सैन्याच्या तळावर क्षेपणास्त्रे सोडली, त्या दिवशी तेलाचा भाव चढण्याऐवजी सुमारे ७ टक्क्यांनी उतरला. तेलाला हात लावलेला नाही, असा बाजाराने त्याचा अर्थ लावला.

दोन वर्षांनंतर

टँकर युद्धाचा खरा भावविषयक धक्का युद्ध संपल्यावर बसला. इराक आठ वर्षांनी प्रचंड सैन्य आणि प्रचंड कर्ज घेऊन बाहेर पडला. कर्ज देणाऱ्यांत कुवेत होता. ज्या कुवेतची जहाजे वाचवण्यासाठी झेंडे बदलले गेले, त्याच कुवेतवर २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने चाल केली. इराक आणि कुवेत, दोघांचे मिळून दिवसाला ४० लाखांहून अधिक बॅरल तेल निर्बंधांमुळे बाजारातून नाहीसे झाले. जुलैमध्ये १७ डॉलरच्या आसपास असलेला भाव ऑक्टोबरपर्यंत ४० डॉलरला टेकला. सामुद्रधुनीला कोणी हातही लावला नव्हता.

भारताच्या आधीच आटत चाललेल्या परकीय गंगाजळीला तो भाव पेलला नाही आणि १९९१ मध्ये सोने गहाण ठेवायची वेळ आली. त्याआधीच, १९९० च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, कुवेतमध्ये कामाला गेलेले १ लाख ७० हजारांवर भारतीय वाळवंट तुडवत जॉर्डनमधल्या अम्मानला पोहोचत होते. हाती लागेल ते सामान घेऊन ते विमानाच्या रांगेत उभे होते. एअर इंडियाची विमाने त्यांना दोन महिने फेऱ्या मारून मुंबईला आणत राहिली.